चाळीस टक्क्यांचं घर आणि गावाकडचा तिसरा हिस्सा

मार्च २०२४ मधल्या एका रविवारी ओळखीतली एक नर्स ब्रोशर हातात घेऊनच माझ्या घरी आली. "ताई, तीन बेडरूमचं घर, एक लाख चव्वेचाळीस हजार पौंडांत! मी दोनदा वाचलं, खरंच तसं लिहिलंय." नवरा मागे उभा होता, धाकटीला कडेवर घेऊन. त्याच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि शंका जास्त होती.

आकडा खरा होता. फक्त तो घराचा नव्हता, घराच्या चाळीस टक्क्यांचा होता. घराची पूर्ण किंमत ३,६०,००० पौंड. उरलेले साठ टक्के हाऊसिंग असोसिएशनचे, म्हणजे परवडणारी घरं देणाऱ्या संस्थेचे, आणि त्या साठ टक्क्यांवर या दोघांनी दर महिन्याला भाडं भरायचं. इंग्लंडमध्ये याला शेअर्ड ओनरशिप म्हणतात.

मी अशाच एका असोसिएशनच्या लीजहोल्ड विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. माझ्या टेबलापाशी लोक यायचे ते घर घेतल्यानंतर पाच-सहा वर्षांनी. भाडं एवढं का वाढलं, छताचे सगळे पैसे मीच का भरायचे, माझं घर विकायला तुमची मुदत कशासाठी, हे प्रश्न घेऊन. त्यामुळे कुठलीही योजना मी शेवटाकडून वाचते. या कुटुंबाचं प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. आकडे थोडे गोल केले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब

ती मिरजेत नर्सिंग शिकली, २०१८ मध्ये इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, रुजू झाली. तो वाई तालुक्यातला, मिल्टन कीन्सजवळच्या एका गोदामात शिफ्ट लीड. २०२३ मध्ये दोघांना आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळाली. मुलं दोन, मोठा सात वर्षांचा, धाकटी दोन वर्षांची. तिचा पगार वर्षाला सुमारे ३९,००० पौंड, त्याचा २८,०००. बचत २८,०००, आणि ती कशी झाली हे मला माहीत आहे: तिने सलग तीन हिवाळे रात्रपाळ्या घेतल्या होत्या. दोन बेडरूमच्या भाड्याच्या घराला महिना १,३५० जात होते आणि घरमालकाने ते १,५०० करणार असल्याचं कळवलं होतं.

सरळ बाजारात घर का नाही, हा पहिला प्रश्न. दोघांचा पगार ६७,०००. त्याच्या साडेचार पट कर्ज म्हणजे कागदावर तीन लाख होतात. पण बँक नुसता पगार बघत नाही. नर्सरीची फी, गाडीचा हप्ता आणि गावी जाणारे पैसे वजा केल्यावर ब्रोकरने आकडा दिला २,३५,०००. बचतीतून खर्चापुरते पैसे बाजूला ठेवले, तर दोघांची झेप २,५८,००० पर्यंत. त्या किमतीत त्यांना मुलाच्या शाळेच्या टप्प्यात दोन बेडरूमचीच घरं मिळत होती. मुलगा आणि मुलगी आणखी किती वर्षं एका खोलीत झोपणार? तिचा सगळा आग्रह तिसऱ्या खोलीसाठी होता, आणि तो मला पटत होता.

न घेतलेला हिस्सा कोणाचा

पुढचे तीन-चार आठवडे आम्ही योजना गोळा केल्या. तिच्या वॉर्डातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं की सरकार वीस टक्के बिनव्याजी देतं. ती हेल्प टू बायची इक्विटी लोन योजना. नवे अर्ज ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले आणि मार्च २०२३ मध्ये ती इंग्लंडमध्ये संपली. ग्लासगोच्या एका मित्राने सांगितलं की आमच्याकडे साठ ते नव्वद टक्के आपण घ्यायचे, उरलेल्यावर भाडंच नाही. तेही खरं, पण ते स्कॉटलंडमध्ये. नॉर्दर्न आयर्लंडची को-ओनरशिप वेगळी, वेल्सचे नियम वेगळे. गृहनिर्माण हा प्रत्येकाचा स्वतंत्र विषय असल्यामुळे नातेवाइकांचे अनुभव इथे फारसे कामाला येत नाहीत.

हाताशी खऱ्या अर्थाने राहिले चार पर्याय: नव्या घरातले चाळीस टक्के, जुन्या फ्लॅटमधले पन्नास टक्के, फर्स्ट होम्स आणि रेंट टू बाय.

ती एक्सेलची शीट घेऊन बसली होती. त्यात महिन्याचा हप्ता, डिपॉझिट, एकूण असे स्तंभ होते. मी तिला एक स्तंभ सुरुवातीलाच घालायला सांगितला: जो हिस्सा आपण घेत नाही तो कोणाचा, आणि त्यासाठी तो आपल्याकडून काय घेतो? गावाकडे सामायिक विहीर किंवा सामायिक बांध असला की पहिलं भांडण पाण्यावरून होत नाही, दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा यावरून होतं. इथेही तसंच आहे, फरक एवढाच की दुसरा हिस्सेदार संस्था असते आणि करार तिने लिहिलेला असतो.

रेंट टू बायमध्ये सगळाच हिस्सा दुसऱ्याचा. बाजारभावापेक्षा वीस टक्के कमी भाड्याने किमान पाच वर्षं राहायचं, वाचलेल्या पैशातून डिपॉझिट जमवायचं आणि मग विकत घ्यायचं. १,५०० च्या जागी १,२०० भाडं, म्हणजे आजच्या त्यांच्या भाड्यापेक्षा १५० कमी. पाच वर्षांत ९,००० पौंड. तेवढ्या काळात घरांच्या किमती वर्षाला तीन टक्क्यांनीच वाढल्या तरी ३,६०,००० चं घर ४,१७,००० वर जातं. शिवाय त्यांच्या भागात तसं घरच उपलब्ध नव्हतं. हा पर्याय दहा मिनिटांत सुटला.

जुना फ्लॅट मात्र तिला आवडला होता. स्टेशनजवळ, दोन बेडरूम, पूर्ण किंमत २,३०,०००. त्यातला पन्नास टक्के हिस्सा १,१५,००० ला विकायला होता. दहा टक्के डिपॉझिट भरून ५ टक्के व्याजाने तीस वर्षांचं कर्ज घेतलं तर हप्ता ५५६, भाडं ३४०, इमारतीच्या देखभालीचा सर्व्हिस चार्ज १८५. एकूण १,०८१. शेअर्ड ओनरशिपच्या दोन्ही घरांत हेच कमी.

मी लीज, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी घर आपल्याला देणारा करार, मागवलं. २०१० साली ९९ वर्षांचं, म्हणजे ८५ वर्षं उरलेली. लीज ८० वर्षांच्या खाली गेलं की मुदत वाढवणं एकदम महाग होतं, आणि हिस्सा अर्धा असला तरी जुन्या करारांत तो खर्च बहुतेक वेळा पूर्ण रहिवाशाच्याच माथी येतो. भाड्याचं कलम असं: वाढ आरपीआय या महागाईच्या निर्देशांकाएवढी, अधिक अर्धा टक्का. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरपीआय १४.२ टक्क्यांवर होता. पुढच्या वर्षी अनेक असोसिएशन्सनी आपणहून वाढ ७ टक्क्यांवर रोखली, पण ती त्यांची मर्जी होती, करारात तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या वर्षी मला आलेले फोन अजून आठवतात. लोक रागावलेले नसायचे, घाबरलेले असायचे. आणि सर्व्हिस चार्ज? तुमचा हिस्सा अर्धा असला तरी तो पूर्ण भरायचा. लिफ्ट बदलली, छत गळलं, तरी बिल शंभर टक्क्यांचं. संसदेच्या गृहनिर्माण समितीने मार्च २०२४ च्या अहवालात नेमक्या याच गोष्टींवर बोट ठेवलं: वाढती भाडी, मर्यादा नसलेले सर्व्हिस चार्ज आणि सामान्य माणसाला न उलगडणारे करार.

तिने शीटवर तो स्तंभ लाल केला.

नवं लीज

ब्रोशरमधल्या घराचं लीज २०२१ मध्ये आलेल्या नव्या नमुन्याचं होतं. एकाच रस्त्यावर, एकाच बिल्डरच्या दोन घरांना वेगवेगळ्या पिढीचे करार असू शकतात, म्हणून "शेअर्ड ओनरशिप चांगली की वाईट" असं कोणी विचारलं की मी विचारते, कुठल्या नमुन्याची? नव्या नमुन्यात लीज ९९० वर्षांचं असतं, त्यामुळे मुदतीची काळजी मिटते. पहिला हिस्सा दहा टक्क्यांपासून घेता येतो, पूर्वी पंचवीसपासून होता. पहिली दहा वर्षं घराच्या बाहेरच्या आणि सांगाड्याच्या आवश्यक दुरुस्त्या असोसिएशनने करायच्या, शिवाय आतल्या ठरावीक दुरुस्त्यांसाठी वर्षाला ५०० पौंडांपर्यंत मागता येतात. विकायच्या वेळी गिऱ्हाईक शोधण्याचा असोसिएशनचा पहिला हक्क आठ आठवड्यांवरून चारवर आला आहे. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या नव्या करारांत भाड्याची वाढही आरपीआयऐवजी सीपीआय या महागाईच्या दुसऱ्या निर्देशांकावर, अधिक एक टक्का, अशी झाली.

आकडे असे बसले. १,४४,००० वर दहा टक्के डिपॉझिट १४,४००, कर्ज १,२९,६००, हप्ता ६९६. उरलेल्या २,१६,००० वर पावणेतीन टक्क्यांनी वर्षाला ५,९४०, म्हणजे महिना ४९५ भाडं. वसाहतीचा देखभाल खर्च ३८. एकूण १,२२९. सध्याच्या भाड्यापेक्षा कमी, आणि एक खोली जास्त. उत्पन्नाची मर्यादा लंडनबाहेर ८०,००० पौंड, त्यातही ते बसत होते.

तो पहिल्यांदाच बोलला. "ताई, दरवर्षी एक-एक टक्का घेत गेलो तर? ब्रोशरमध्ये लिहिलंय, पंधरा वर्षं घेता येतो, व्हॅल्युएशनचा खर्च नाही."

हिस्सा वाढवण्याला स्टेअरकेसिंग म्हणतात, आणि एक टक्क्याची ही सोय नव्या नमुन्यातली सगळ्यात जास्त मिरवली जाणारी गोष्ट आहे. आम्ही हिशेब केला. एक टक्का म्हणजे ३,६०० पौंड. त्याने भाडं कमी होतं वर्षाला ९९, महिन्याला सव्वाआठ. म्हणजे गुंतवलेल्या पैशावर पावणेतीन टक्के. तेच ३,६०० कर्जात जादा भरले तर ५ टक्क्यांनी वर्षाला १८० पौंड व्याज वाचतं. भाडं पुढे वाढत जाणार, घराची किंमतही वाढू शकते, त्यामुळे दीर्घ मुदतीत हे अंतर कमी होईल. पण पहिल्या काही वर्षांत आधी कर्ज कमी करा आणि किमान पाच टक्क्यांचा टप्पा एकदमच घ्या, असं मी त्याला सांगितलं. तेव्हा व्हॅल्युअर आणि सॉलिसिटरचा खर्च येतो हे खरं, आणि किंमत लागते ती त्या दिवसाची. आज दहा टक्के ३६,००० ला आहेत. घर ४,२०,००० चं झालं की ४२,०००.

दहा वर्षांचा हिशेबही मांडला, कारण त्याशिवाय तुलना अर्धीच राहते. किंमत आणि भाडं दोन्ही वर्षाला तीन टक्क्यांनी वाढतं असं धरलं. दहा वर्षांनी भाडं ४९५ वरून ६६५ होतं आणि तोवर भाड्यापोटी एकूण सुमारे ६८,००० पौंड गेलेले असतात. त्यांचा चाळीस टक्के हिस्सा तेव्हा १,९३,५०० चा, उरलेलं कर्ज १,०५,४००, हातात राहतात सुमारे ८८,०००. ती बराच वेळ ६८,००० कडे बघत राहिली. मी म्हटलं, भाड्याच्या घरात दहा वर्षं राहिलीस तर हा आकडा दीड लाखाच्या वर जाईल आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल. दोन्ही आकडे एकाच कागदावर ठेव.

आणखी एक गोष्ट तिला स्पष्ट सांगावी लागली. २००७ मध्ये बर्मिंगहॅमच्या कोर्टात एक खटला झाला होता. घराचा अर्धा हिस्सा विकत घेतलेल्या बाईंचं भाडं थकलं, आणि कोर्टाने त्यांना मालक न मानता भाडेकरू मानलं. घराबरोबर विकत घेतलेला हिस्साही गेला. म्हणून हप्ता आणि भाडं यांत एक निवडायची वेळ आली तर भाडं दुय्यम समजू नकोस, आणि थकबाकीचं कलम सॉलिसिटरकडून ओळ न् ओळ समजून घे.

भारतात परत गेलो तर घर भाड्याने देऊ, हा त्याचा विचारही तिथेच थांबला. शेअर्ड ओनरशिपचं घर भाड्याने देता येत नाही. असोसिएशन अपवाद करते ते अगदी अडचणीच्या प्रसंगी, तेही लेखी परवानगीने. आपल्या लोकांपैकी बरेच जण "दहा वर्षांनी बघू, परत जाऊ" असं मनात ठेवून घर घेतात. त्यांच्यासाठी हे एक कलम बाकी सगळ्यांपेक्षा मोठं आहे.

फर्स्ट होम्स

पुढच्याच गावात फर्स्ट होम्समधलं दोन बेडरूमचं, पण मोठ्या हॉलचं घर होतं. बाजारभाव २,८५,०००. तीस टक्के सवलतीने १,९९,५००. सवलतीनंतरची किंमत लंडनबाहेर २,५०,००० च्या आत असावी लागते, ती होती. इथे घर पूर्ण तुमच्या नावावर असतं. उरलेल्या तीस टक्क्यांवर ना भाडं, ना व्याज. बंधन एकच पण कायमचं: विकताना तुम्हीही पुढच्याला बाजारभावाच्या तीस टक्के कमीनेच विकायचं. तशी नोंद लँड रजिस्ट्रीत होते.

कर्ज १,७९,५५०, हप्ता ९६४. तीन टक्क्यांच्या त्याच गृहीतकावर दहा वर्षांनी हातात राहतात सुमारे १,२२,०००. हिशेबाने फर्स्ट होम्स सरळ पुढे होतं, आणि मी तसं म्हटलंही. हॉलचा एक कोपरा पार्टिशन घालून मुलाची खोली करता येईल, असं त्याने प्लॅनवर पेन्सिलने काढून दाखवलं. तिची तिसरी खोली अशी मिळाली. दोघांचं जवळजवळ ठरलं, ५०० पौंड रिझर्व्हेशन फी भरायची तारीखही ठरली.

फॉर्म भरताना तो एका ओळीपाशी थांबला. पहिल्यांदा घर घेणारा, म्हणजे या देशात किंवा जगात कुठेही, कधीही, घराची मालकी नसलेला.

"गावचं घर चालतंय का यात?" त्याने मला फोन करून विचारलं.

नमुना ८

त्याचे वडील २०१६ मध्ये गेले. गावठाणातलं घर, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीला, वारस म्हणून तीन नावं लागली: आई, थोरला भाऊ आणि हा. वाटणी कधी झाली नाही, कोणी मागितलीही नाही. आई आणि थोरल्याचं कुटुंब तिथे राहतं. हा दोन वर्षांतून एकदा जातो, पंधरा दिवस माडीवरच्या खोलीत झोपतो. ते घर आपल्या मालकीचं आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. तो म्हणाला, "ते आमचं घर आहे, माझं कुठंय?"

सॉलिसिटरने तो उतारा भाषांतर करून मागवला आणि दोन दिवसांत उत्तर दिलं. वारसाने आलेला हिस्साही मालकीच. परदेशातलं घरही घरच. एकत्र घर घेणाऱ्या दोघांपैकी एकालाही हे लागू झालं तर फर्स्ट होम्स बंद. आणि यातली सगळ्यात कडू गोष्ट म्हणजे हिस्सा आज सोडला तरी उपयोग नाही, कारण अट "आज नसावं" अशी नाही, "कधीही नसावं" अशी आहे.

हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. नोकरीत असताना शेकडो अर्ज बघितले होते, पण इथल्या माणसांचे. त्यांच्या आयुष्यात नमुना ८ नसतो. आपल्याकडे सातबारा, मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती यांवर नाव असणं हा नात्याचा भाग असतो, आणि ते नाव सात हजार किलोमीटरांपलीकडे येऊन फॉर्मवर उभं राहील हे डोक्यात येत नाही. त्यानंतर माझ्याकडे जो कोणी आला त्याला मी चहाच्या आधी हे विचारते.

तिने एकटीच्या नावावर घ्यावं का, हेही पाहिलं. तिच्या नावावर कुठेच काही नव्हतं. पण तिच्या एकटीच्या पगारावर, दोन मुलं आणि नर्सरी धरून, ब्रोकरने दीड लाखाच्या पुढे जायला नकार दिला. फर्स्ट होम्स संपलं.

स्टॅम्प ड्यूटीचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. पहिल्यांदा घर घेणाऱ्याची सवलत गेली, पण शेअर्ड ओनरशिपमध्ये ड्यूटी टप्प्याटप्प्याने भरण्याचा पर्याय असतो. तेव्हाची मर्यादा २,५०,००० होती आणि त्यांचा हिस्सा १,४४,००० चा, म्हणून सुरुवातीला काहीच भरायचं नव्हतं. दुसरं घर असल्याबद्दल लागणारा जादा कर हिस्स्याची किंमत ४०,००० पौंडांहून कमी असल्यामुळे लागला नाही. गावच्या घरातला त्याचा तिसरा हिस्सा, सगळं जास्तीत जास्त धरूनही, अठरा लाख रुपयांच्या पुढे जात नव्हता, म्हणजे सतरा हजार पौंडांच्या आसपास.

पुन्हा चाळीस टक्क्यांच्या घराकडे वळलो. तिथे पहिल्यांदा घर घेण्याची सक्ती नाही. पण असोसिएशनच्या फॉर्मवर प्रश्न होता: तुमच्या नावावर इथे किंवा परदेशात राहतं घर आहे का? मी त्याला म्हटलं, सगळं खरं लिही आणि लेखी विचार की आई राहत असलेल्या घरातला न वाटलेला हिस्सा धरणार का. लपवलं असतं तर कदाचित कोणाला कळलंही नसतं, असं त्याच्या एका मित्राने सुचवलं. खोट्या माहितीवर घेतलेलं घर आणि खोट्या माहितीवर घेतलेलं कर्ज, दोन्ही नंतर उलटू शकतात. शिवाय ज्या देशात मुलं वाढणार तिथला पहिला मोठा कागद खोटा का असावा?

उत्तर आलं: हिस्सा धरणार, आणि घराचा ताबा मिळण्याआधी तो नावावरून गेलेला असला पाहिजे.

हक्कसोड

म्हणजे हक्कसोडपत्र. वारसाने आपला हिस्सा बाकीच्या हिस्सेदारांच्या लाभात सोडायचा, तेही नोंदणी करून. साध्या कागदावर सही करून ते होत नाही. तो इथे असल्यामुळे भावकीतल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करायचं, भारतीय उच्चायुक्तालयाच्या प्रक्रियेतून ते साक्षांकित करायचं, भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्राचा मुद्रांक लावून घ्यायचा, मग दुय्यम निबंधकाकडे दस्त.

कागद मी समजावू शकत होते. त्याच्या आईला समजावणं माझ्या हातात नव्हतं. व्हिडिओ कॉलवर त्या एवढंच म्हणाल्या, "नाव काढलंस तर माडीवर कोण येणार?" थोरला भाऊ त्याहून जास्त दुखावला. त्याला वाटलं, याला कोणीतरी भरीला घातलंय, किंवा उद्या हा पैशासाठी भांडेल म्हणून आत्ताच हात झटकतोय. तो आठवडाभर फोन उचलत नव्हता. शेवटी हिने जावेला फोन केला आणि फॉर्ममधली ती ओळ मराठीत वाचून दाखवली. थोरल्याने मग स्वतःहून अट घातली: दस्त होईल, पण माडीची खोली याचीच राहील आणि तसं घरात लिहून ठेवायचं. कायद्याने त्या चिठ्ठीला काही वजन नाही हे त्याला माहीत होतं. तरी त्याने ती लिहिली, सही केली आणि फोटो पाठवला.

या सगळ्यात पहिलं घर गेलं. नव्या घराच्या विक्रीत रिझर्व्हेशननंतर साधारण चार आठवड्यांत करार पक्का करायचा असतो. त्यांनी जूनमध्ये रिझर्व्ह केलं, मुखत्यारपत्रच ऑगस्टमध्ये वाईला पोहोचलं. असोसिएशनने एकदा मुदत वाढवली, दुसऱ्यांदा नाही. कोपऱ्यावरचं, बाजूला जास्तीची जागा असलेलं घर दुसऱ्या कुटुंबाला गेलं. ती त्या दिवशी माझ्याकडे येऊन नुसती बसली होती. शीट उघडली नाही.

दस्त नोव्हेंबरमध्ये नोंदला गेला. डिसेंबरात त्याच वसाहतीतलं, त्याच किमतीचं मधलं घर मोकळं झालं, कारण आधीच्या खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झालं होतं. या वेळी सगळे कागद फाइलमध्ये तयार होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. १४,४०० डिपॉझिट आणि वकील, सर्व्हे, सामान हलवणं धरून साडेतीन हजार. बचतीत १०,००० राहिले, आणि ते तसेच ठेवण्याबद्दल मी हट्ट धरला होता.

त्यांनी योग्य केलं का, हे मला अजून विचारलं जातं. हिशेबाने फर्स्ट होम्स चांगलं होतं आणि ते त्यांना मिळणारच नव्हतं. जुना फ्लॅट स्वस्त होता आणि त्यात अडकले असते. नव्या लीजचं घर मी त्यांना पुन्हा सुचवेन. पण हक्कसोडीची किंमत कुठल्या स्तंभात धरायची, हे मला सांगता येत नाही. वाईला थोरल्याशी बोलणं आता पुन्हा नेहमीसारखं आहे. तरी गेल्या गणपतीत घरपट्टीची नवी पावती आली तेव्हा आईने फोनवर नावं वाचून दाखवायला सुरुवात केली आणि दोन नावांनंतर त्या थांबल्या, हे त्याने मला सांगितलं.

या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी असोसिएशनचं पहिलं भाडेवाढीचं पत्र आलं. त्यांच्या करारात सप्टेंबरचा सीपीआय धरतात. सप्टेंबर २०२५ चा ३.८, त्यावर एक, म्हणजे ४.८ टक्के. ४९५ चे ५१८.७६ झाले. तिच्या शीटमध्ये तीन टक्क्यांनी ५०९.८५ होते. तिने मला पत्राचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ सुधारलेली शीट. पुढच्या सगळ्या वर्षांत तीनच्या जागी आता पाच टक्के धरले आहेत, आणि २०३० च्या ओळीत, जिथे मुलगी शाळेत स्थिरावल्याने नर्सरीची फी कधीच संपलेली असेल, तिथे लिहिलंय: दहा टक्के घेणे.